स्वतःच्या चाकांवर

बोईसरच्या पूर्वेला डोंगरपट्टीत एक सरकारी दवाखाना होता आणि त्या दवाखान्याला परदेशातून भेट मिळालेली एक पिकअप होती. पाड्यांवरच्या रुग्णांना पालघरच्या इस्पितळात पोहोचवणे एवढेच तिचे काम. १९९६च्या उन्हाळ्यात ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली ती उभीच राहिली.

ड्रायव्हर झुंबर मूळचा नगरकडचा, बिऱ्हाड सालवडला. त्याने बोईसरहून मिस्त्री आणला. मिस्त्रीने बॉनेटखाली डोके घालून जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी दाखवली.

"गाडी एकदम बढिया है," तो म्हणाला. "सिर्फ इसका दिमाग गया है. ये पेटी बदलो."

इंजिनाला इंधन किती द्यायचे, ठिणगी कधी टाकायची, हे सारे ती इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवीत असे. देणाऱ्या देशाने नवी पेटी तातडीने विमानाने पाठवली आणि ती पालघरच्या सरकारी भांडारात येऊन पडली. झुंबरला हायसे वाटले. कारण पाड्यावरच्या सुकाची मुलगी लाडकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मूल आडवे होते. दवाखान्यातल्या सिस्टर इंदुबाईंनी बजावले होते, "हिला कळा सुरू व्हायच्या आत पालघरला पोहोचवा. चालत न्यायची नाही."

झुंबर भांडारात गेला. भांडारप्रमुख कमलाकांत साहेबांनी माहितीपत्रक वाचून काढले होते.

"इथे म्हटलंय की ही पेटी गाडीचे सर्व निर्णय घेते," ते म्हणाले. "कोणाच्या अधिकारात?"

"साहेब, ती फक्त बसवायची. मी आत्ता घेऊन जातो."

"तपासणी न झालेल्या वाहनाला सुटा भाग देता येत नाही. वाहन इथे हजर करा."

"पण पेटीशिवाय ते चालत नाही."

"म्हणून तर पेटी द्यायची. चालत असतं तर कशाला दिली असती?"

"ट्रकवर चढवून आणू का?" झुंबरने विचारले.

साहेबांनी नियम वाचून दाखवला : वाहन स्वतःच्या चाकांवर तपासणीस हजर असावे. "ट्रकवर आणलंत तर ती ट्रकची चाकं झाली. मग मला ट्रकची तपासणी करावी लागेल."

झुंबर परत आला तो थेट सुकाच्या अंगणात. सगळे ऐकून सुकाने विचारले, "तुज्या सायबाला चाका फिरलेली हवीत ना? मंग माजी बैला हायत. बांद दोर."

"आणि लाडकी?"

"गाडी पालघरला जातेच हाय. पोरीला मागं गोदडीवर निजवू."

पहाटे दोन बैल, एक पिकअप आणि तीत लाडकी, अशी ती मिरवणूक निघाली. झुंबर स्टिअरिंगवर. चढावर सुका बैलांना चुचकारी. उतारावर बैल मागे वळून गाडीकडे बघत आणि झुंबर दोन्ही पाय ब्रेकवर देऊन देवाचे नाव घेई. "बाबा, हळू रं," लाडकी आतून ओरडे. उमरोळीजवळ एका एसटीने हॉर्न वाजवून त्यांना बाजूला व्हायला लावले. दुपारी पालघरच्या इस्पितळात लाडकीला आत नेले आणि दिवस मावळायच्या आत डॉक्टरांनी पोट उघडून मुलगी बाहेर काढली. दोघी सुखरूप होत्या. सुका इस्पितळाच्या पायरीवर बसून रडला.

दुसऱ्या दिवशी गाडी भांडारात हजर झाली. कमलाकांत साहेबांनी चारही चाकांना हात लावून पाहिला.

"डोंगरातून इथवर आली?"

"आली."

"रुग्ण पोहोचला?"

"पोहोचला. मुलगी झाली, साहेब."

"अभिनंदन. म्हणजे गाडी चालते. चालत्या गाडीला पेटी देता येणार नाही."

"साहेब, बैल होते!" झुंबरचा आवाज चढला.

"बैल हा वाहनाचा भाग आहे का? नाही ना? तपासणी वाहनाची आहे."

पेटी 'अनावश्यक' असा शेरा मारून परदेशी परत गेली. पण त्याच बनावटीच्या आणखी काही पिकअप इतर दवाखान्यांत व्यवस्थित धावत होत्या. एकाच प्रकारच्या वाहनांत काहींना पेटी आणि काहींना नाही, हा भेदभाव वरच्या साहेबांना खपला नाही. सगळ्यांच्या पेट्या काढण्यात आल्या आणि गाड्यांना बैल जुंपण्यात आले. इंधनाचा खप शून्यावर आला. अशी काटकसर खात्याने कधी पाहिली नव्हती.

पाऊस पडून आवणीचे दिवस आले तेव्हा सुकाने बैल द्यायला नकार दिला. "माजा भात कोन लावील?" तो म्हणाला. त्यावर शासकीय रुग्णसेवेत वापरात असलेली जनावरे खाजगी शेतीकडे वळवल्याबद्दल त्याच्यावर नोटीस निघाली. ती पोहोचवायला झुंबरला पाठवले. तो चालत गेला, नोटीस वाचून दाखवली आणि सुकासोबत चिखलात उतरून संध्याकाळपर्यंत भात लावीत राहिला.

पुढे कमलाकांत साहेबांचा सत्कार झाला. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. खाली मजकूर होता : 'आदिवासी पाड्यांसाठी इंधनमुक्त अत्याधुनिक रुग्णवाहिका'. फोटोत साहेब होते, हार होता, धुऊन चकचकीत केलेली पिकअप होती आणि तिच्यापुढे, फोटोच्या अगदी मधोमध, शिंगांना रंग दिलेले दोन बैल होते.

तो फोटो तुम्हीही पाहिलात. चहाचा कप खाली ठेवून तुम्ही मजकूर घरात मोठ्याने वाचून दाखवलात आणि म्हणालात, "मनात आणलं तर आपल्याकडे काय होत नाही!"

बैल सरळ तुमच्याकडेच बघत होते.