अधिकार बाकड्याकडे

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला नवे कोच आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात खेळाडू निवडण्याचे सगळे अधिकार राखीव खेळाडूंच्या बाकड्याकडे सोपवले. प्राचार्य मॅडमनी तसं परिपत्रक काढलं, ते नोटीस बोर्डावर लागलं, आणि बाकड्यानं त्याच दुपारी कामाला सुरुवात केली.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला यात बाकड्याचं नवल वाटेल. आम्हाला नवल वाटलं ते अधिकार सोपवण्याचं. तोवर आमच्याकडे निवड कशी व्हायची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जून उजाडला की प्रत्येक पेठेच्या तालमीतला एक वजनदार माणूस प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसायचा, चहा प्यायचा, दुसरा चहा प्यायचा, आणि पेठेचं पोरगं संघात घेतल्याशिवाय उठायचा नाही. अशा रीतीनं संघ पुरा झाला की त्यात सगळ्या पेठा असायच्या, आणि फुटबॉल खेळणारा कुणी असलाच तर तो योगायोग. वरच्या पेठेचा पोरगा खालच्या पेठेच्या पोराला पास देत नसे. दिला तर रात्री घरी त्याला कुणी वाढत नसे. आम्ही दर वर्षी पहिल्याच फेरीत हरायचो आणि कुठल्या पेठेमुळे हरलो यावर दिवाळीपर्यंत भांडायचो.

नवे कोच खानविलकर सर रत्नागिरीचे. आपण परगावचे, म्हणजे आपोआप तटस्थ, असा त्यांचा भाबडा समज होता. पण त्यांनी खालच्या पेठेत खोली भाड्यानं घेतली आणि टेम्पोतून सामान उतरायच्या आत ते खालच्या पेठेचे झाले. मग वरच्या पेठेनं त्यांना दुसरी खोली देऊ केली, तीही गच्चीसकट. सरांनी कपाळाला हात लावला आणि शहरात पेठ नसलेला, पण फुटबॉल भरपूर पाहिलेला कुणी आहे का, याचा शोध सुरू केला. असा एकच जण सापडला, आणि तो लाकडाचा होता.

हरकती आल्याच. आमच्या वरच्या पेठेचे बापू साळोखे परिपत्रकाची घडी खिशात घालून केबिनमध्ये आले. "मॅडम, लाकूड कुठल्या वखारीचं हाय ते आदी सांगा," ते म्हणाले. चौकशी झाली. लाकूड फणसाचं, आजऱ्याकडच्या रानातलं. सुतार गडहिंग्लजचा. खिळे मात्र खालच्या पेठेतल्या दुकानातले निघाले. ते सगळ्यांसमक्ष उपटून इचलकरंजीहून आणलेले ठोकण्यात आले आणि एकसदस्य निवड समिती म्हणून बाकडं पदावर कायम झालं.

सरांनी मग बाकीचंही वाटून टाकलं. सरावाची वेळ शिट्टीकडे दिली, दमसास वाढवायचं काम स्टँडच्या पायऱ्यांकडे. "सगळं स्वतःकडे ठेवलं की माणूस काहीच धड करत नाही," असं ते म्हणायचे. वाटता वाटता त्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्या भरायचं काम तेवढं उरलं. ते त्यांनी मनापासून केलं.

निवडीची पद्धत सोपी होती. उमेदवारानं येऊन बाकड्यावर बसायचं. बाकडं बराच वेळ काही विचारायचं नाही. मग ते एकतर 'ऊठ' म्हणायचं किंवा 'बस' म्हणायचं. 'ऊठ' म्हटलं तो खेळणार, 'बस' म्हटलं तो राखीव. कारण विचारलं तर सांगायचं, पण थोडक्यात. लाकडाला फार बोलायची सवय नसते.

"ह्याला बसवंना," धैर्यशील पोवारबद्दल ते म्हणालं. "बसल्या बसल्या गोल माराय लागलाय. ऊठ."

धैर्या खालच्या पेठेचा. मी वरच्या पेठेचा, इंद्रजित सासने, कॉलेजचं शेवटचं वर्ष. आधीची वर्षं मी राखीवच होतो. 'औंदा तुझा नंबर लागतोय बघ,' असा शब्द मला खुद्द बापूंनी दिला होता. मी बाकड्यावर टेकलो, पाठ सरळ केली, हात मांडीवर ठेवले. बाकडं इतरांपेक्षा जास्त वेळ गप्प राहिलं. मला वाटलं, विचार करतंय, म्हणजे चांगलं लक्षण आहे.

"बस," ते म्हणालं.

तो शब्द मला अजून ऐकू येतो.

वाईट एवढंच झालं की बाकड्याचं बरोबर निघालं. आम्ही पहिली फेरी जिंकली. मग दुसरी. खालची पेठ वरच्या पेठेला पास देऊ लागली, कारण पास नाही दिला तर बाकडं पुढच्या मॅचला बोलावत नसे आणि बाकड्याला कुणाच्या घरचा चहा चालत नसे. एका पेठेनं गादी पाठवली, दुसऱ्या पेठेनं पॉलिश करून देतो म्हणून निरोप धाडला. दोन्ही परत गेली. जिंकणाऱ्या समितीविरुद्ध तक्रार कोण ऐकून घेणार?

माझे वडील, आबा, शिरोलीच्या फाउंड्रीत टर्नर. पाळी बदलून ते प्रत्येक मॅचला यायचे आणि जाळीला नाक लावून उभे राहायचे. आमच्या गल्लीत मॅचच्या दुसऱ्या दिवशी दारोदार लाल चिखलाचे शर्ट वाळत असायचे. आमच्या दोरीवर माझा शर्ट, घडी मोडल्याचीच काय ती खूण. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "तुमच्या इंद्याचा शर्ट लई दिस टिकायचा बघा." आई हसली आणि आत गेली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी बाकड्याशी सरळ बोलायचं ठरवलं. सराव संपल्यावर एकटाच बसून राहिलो.

"मला कधी ऊठ म्हणणार?"

"तू चांगला बसतोस," बाकडं म्हणालं.

"मला खेळायचंय."

"खेळायचंय सगळीच म्हणत्यात. बसायचंय म्हणून कोण आलंय का आजवर? ज्या टीमकडं धड बसणारा न्हाई, ती टीम घाबरती. मैदानातली पोरं मागं वळून बघत्यात तवा तू दिसतोस. निवांत."

"मी निवांत नाही. आतून जळतोय मी."

"ते कळतंय मला. तरीबी तू हलत न्हाईस. तेच तर अवघड असतंय."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाय हलवत बसलो. बाकडं म्हणालं, "बंद कर. असा हलणारा पाय तुझा न्हवं." मी बंद केला.

मग मी सरांकडे गेलो. ते नळाखाली बाटली धरून उभे होते. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकलं, त्यांना माझी दया आली हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"इंद्रजित, मला पटतं तुझं," ते म्हणाले. "पण अधिकार एकदा दिले की दिले. मधेच काढून घेतले तर ते कधी दिलेच नव्हते असं होईल. तू एक विनंती अर्ज कर. योग्य त्या मार्गानं."

"म्हणजे कुणामार्फत, सर?"

"बाकड्यामार्फत," ते म्हणाले आणि दुसरी बाटली नळाखाली धरली.

अंतिम सामना मोठ्या मैदानावर झाला. रात्रभर पाऊस होऊन गेलेला, मैदानात चिखल. हलग्या वाजत होत्या, स्टँड गच्च भरला होता, आणि पहिल्यांदाच दोन्ही पेठा एकाच बाजूला बसल्यामुळे शिव्या कुणाला द्यायच्या ते कळेनासं झालं होतं. मध्यंतराला एक-एक बरोबरी. त्यानंतर समोरच्यांनी आमची पोरं अशी रेटली की बाकड्यावरचे एकेक राखीव उतरू लागले. 'ऊठ,' बाकडं म्हणायचं आणि माझ्या शेजारची जागा रिकामी व्हायची. पुन्हा 'ऊठ.' शेवटी बाकड्यावर मी एकटा उरलो.

खेळ संपत आला असताना धैर्या पडला. घोटा असा वळला की त्याची किंकाळी आमच्यापर्यंत आली. पंचांनी खेळ थांबवला. आता बदली माझ्याशिवाय होऊच शकत नव्हती. स्टँडमध्ये माझ्या नावाचा गजर सुरू झाला. "इंद्या, ऊठ! इंद्या, ऊठ!" आबा जाळीवर चढले होते. "ऊठ की लेका! कुणाची वाट बघतोयस?"

मी चिकटलो नव्हतो. कुणी मला धरूनही ठेवलं नव्हतं. परवानगी नव्हती, एवढंच. आणि बाकडं गप्प होतं.

पंच धावत आले. "बदली आहे का?"

"निवड समितीला विचारा," सर म्हणाले. त्यांच्या हातातल्या बाटलीतून पाणी सांडत होतं.

पंच बाकड्यासमोर नीट उभे राहिले. "समितीची काही बदली आहे का?"

"हाय," बाकडं म्हणालं.

मी डोळे मिटले.

"कोण?"

"मी."

पंचांनी कागद काढून बघितला. संघासोबतच्या नावांत बाकड्याचं नाव होतं, ते सरांनीच घातलं होतं. कॉलेजचं ओळखपत्र होतं, पदावर कायम झाल्यावर मिळालेलं. पंचांनी विरुद्ध संघाच्या कोचना बोलावून विचारलं. त्यांचा आक्षेप उंचीबद्दल होता, पण उंचीचा नियम सापडला नाही.

"बूट?" पंच म्हणाले.

"दोन जोड लागतील," बाकडं म्हणालं. "एक धैर्याचा. एक ह्याचा."

मी माझे बूट काढले. नवेच होते ते. लेस सोडायला सरांनी खाली बसून मला मदत केली.

"ऊठ," बाकडं मला म्हणालं.

वर्षभर ज्या शब्दासाठी मी झुरलो, तो मला असा मिळाला. मी उठलो. अनवाणी चिखलात उभा राहिलो.

"मी आत असस्तवर हितलं तू बघ," बाकडं म्हणालं. "अधिकार पुरं तुझ्याकडं."

"पूर्ण?"

"मग? अर्धं अधिकार कोण देतं का?"

आणि ते मैदानात उतरलं.

धैर्याला दोघांनी उचलून आणलं. त्याला टेकवायला तिथं काही नव्हतं. तो वेदनेनं पांढराफटक पडला होता. मी हात आणि गुडघे जमिनीला टेकले आणि पाठ सरळ केली. धैर्या माझ्यावर बसला. त्याच्या हुंदक्यांचा दणका माझ्या बरगड्यांना बसत होता. मी हललो नाही.

आमच्या गोलपुढे जागा धरून बाकडं उभं राहिलं. चेंडू त्याच्या फळीवर आदळून परत जाऊ लागला. तेवढ्यात समोरच्या आडदांड पोरानं त्याच्यावर सरळ अंग घातलं आणि बाकड्याचा मागचा एक पाय सांध्यातून ढिला झाला. ते लंगडू लागलं. पंचांनी शिट्टी वाजवली, बाकड्यानंच वाट अडवली म्हणून गोलसमोर आमच्याविरुद्ध फ्री किक दिली, मग लंगडणाऱ्या बाकड्याकडे बघितलं आणि माझ्याकडे आले. मी हातांवर असल्यामुळे त्यांना वाकावं लागलं.

"समितीची काही बदली?"

आबांचा आवाज जाळीतून फाटत आला. "इंद्या, मी म्हण! मी म्हण रं! तुझ्याच हातात हाय आता!"

होतंच माझ्या हातात. एक शब्द उच्चारला असता तर मी मैदानात गेलो असतो आणि मला अडवायला जगात कुणी नव्हतं. मी बाकड्याकडे बघितलं. तीन पायांवर ते भक्कम उभं होतं, चेंडूकडे तोंड करून. मग मी स्वतःकडे बघितलं, जसं एखाद्या उमेदवाराकडे बघावं तसं. पाठीवर धैर्याचं वजन, हात चिखलात रुतलेले, आणि इतकं होऊनसुद्धा अंगात कुठं कंप नाही. असल्या माणसाला कोण मैदानात धाडेल? मला आत जायचं होतं, कशापेक्षाही जास्त जायचं होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

पंचांनी तशी नोंद केली. आबांचा आवाज बंद झाला.

किक बाकड्याच्या फळीवर बसली. त्या आवाजानं स्टँड गप्प झाला. चेंडू उसळून थेट मैदानाच्या मध्यात गेला, खालच्या पेठेच्या पोरानं तो वरच्या पेठेच्या पोराला दिला, आणि त्या पोरानं गोल केला. पंचांची शेवटची शिट्टी कुणालाच ऐकू आली नाही.

पोरांनी बाकड्याला खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला, हलगीवाले पुढे झाले आणि बापू साळोखे आपल्या फेट्यासकट त्या मिरवणुकीत नाचत बाहेर पडले. धैर्याला रिक्षात घालून सर दवाखान्यात घेऊन गेले. जाताना ते मला म्हणाले, "सोमवारपासून नव्या मुलांची निवड आहे. बाकड्याला सुताराकडे न्यावं लागणार. तू बघशील ना?" मी हो म्हणालो. ते तसं परिपत्रक काढून घेणार होते.

ऊन तिरपं झालं होतं. मी अजून तसाच हात आणि गुडघे टेकून होतो. आबा फाटकातून आत आले. माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्यांनी टोपी काढली, माझ्या पाठीवर हात ठेवून जरा दाबून बघितलं आणि हळूच बसले. दिवसभर उभे होते ते.

"आई इचारंल," ते म्हणाले. "खेळला का म्हणून. काय सांगू?"

"निवड केली म्हणून सांगा."

"बरं."

हलग्यांचा आवाज लांब गेला. मैदानावरचा माळी फाटकं ओढून घेऊ लागला. आबा उठायच्या बेतात पुढे झुकले, मग थबकले. त्यांनी घसा साफ केला.

"इंद्या," ते म्हणाले, "उठू का मी?"

मी पाठ सरळ केली.

"बसा आबा," मी म्हणालो.