घागरबाई

आमच्या शेजारचा गणपततात्या माणसाला माणूस म्हनत न्हाई. सरपंच दारावरून गेला की सुनेला इचारतो, "ते कशाला आलं व्हतं गं?" जावई आला तर, "ते जेवलं का?" मला तर तोंडावर म्हनतो, "म्हातारं लई बडबडतंय."

अन् वस्तूंना मातर अहो-जाहो! सायकल पंचर झाली की, "बाईसाहेब बसल्यात, आज बाजार न्हाई." कुलूप उघडंना की हात जोडतो, "रावसाहेब, किती येळ?" लाईट आली, पंखा फिरला की, "आले पाव्हणे!"

सगळ्यात जास्ती मान तांब्याच्या घागरीला. पोटाला मोठा पोचा, बुडाला गळकी. तरी रोज चिंचेनं घासतो, तेबी कोमट पान्यानं. "गार पानी सोसत न्हाई त्यास्नी."

परवा औशाचा भांडेवाला जीप घेऊन आमच्या किल्लारीत आला. जुनं तांबं द्या, नवं स्टील घ्या. तात्याची सून सुनीता, पोरगी गुणाची, पर त्या गळक्या घागरीला कटाळलेली. तिनं घागर नेऊन काट्यावर ठिवली. तात्या मागं पळत आला, अनवानी. घागरीलाच म्हनाया लागला, "घाबरू नका. मी हाय."

भांडेवाला हसला. "बाबा, भांडं हाय ते!"

तात्यानं सुनेला इचारलं, "ते कोन बोलतंय गं?"

"मामा, गळकी घागर हाय. मानूस न्हाई."

तात्या खाली बसला. पोच्यावर हात ठिवला. "भूकंपात घर बसलं, तवा तुजी सासू पहाटंच पान्याला निघाली व्हती. ह्या तिच्या काखंत व्हत्या. दगडं काढली, तर ह्या एकल्याच भायेर आल्या."

सुनीताला हे कुनी सांगितलंच नव्हतं. ती काट्यापासनं मागं सरली.

मी घागर उचलली, काखंत घेतली. भांडेवाल्याला म्हनलं, "जीप काढ, बाबा." मलाबी तवा लोकांनी दगडाखालनंच वढून काढलेलं. मालक अन् लेक न्हाई निघाले.

घरात घागर तिच्या जागी ठिवली. तात्या तिच्या काठाशी वाकला अन् हळूच म्हनला, "ऐकलं का? शेजारीनबाई आल्यात. त्याबी तुमच्यावानीच निघाल्यात."

मग माझ्याकडं बघितलं. "बसा. च्या घ्या."

च्यात साखर टाकायची इसरला व्हता. हे बडबडं म्हातारं गुमान च्या पिऊन गेलं.