पातळ बुटांचा पाहुणा

ऑक्टोबर ते मार्च गोडबोलेकाकांच्या गाडीच्या डिकीत अकरा कानटोप्या असतात. सगळ्या त्यांनी स्वतः विणलेल्या. कमलकाकूंना विणकाम येत नाही. त्या गाडीचं ऑइल बदलतात. या वाटणीबद्दल दोघांपैकी कुणाचीच कधी तक्रार ऐकली नाही.

मी अलास्कात, अँकरेजला आलो तेव्हा तिथे मराठी घरं मोजून तीन. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काका रस्ते खात्यात माझे सीनियर. पहिल्याच दिवशी त्यांनी हात मिळवायच्या आधी माझ्या डोक्यात टोपी कोंबली आणि म्हणाले, "आधी कान, मग ओळख!"

आमच्या गावात दर डिसेंबरला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरायचा. पैसे बेताचेच, त्यामुळे परदेशी पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरायचे. त्यांना विमानतळावरून आणण्याचं काम काकांनी जवळजवळ हिसकावूनच घेतलं होतं. वाटेल, सिनेमाचं वेड असेल. छे! सहा वर्षांत त्यांनी एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. दिवे मालवले की पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचे.

"सिनेमा काय, आपला होतोच," म्हणायचे. "माणूस गारठता कामा नये."

एकदा ब्राझीलचा दिग्दर्शक काकांची हिरवी, गोंडेवाली कानटोपी घालून स्टेजवर गेला आणि मानवी नियतीवर वीस मिनिटं बोलला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली ओळ: 'पारंपरिक ब्राझिलियन पोशाखात'. काकांनी ते कात्रण फ्रिजवर लावलं.

पाहुणा ओळखायची त्यांची पद्धत साधी होती. नावाची पाटी वगैरे धरणं त्यांना मान्य नव्हतं. "पाटी काय धरायची? पाहुणा म्हणजे गिऱ्हाईक आहे का? बूट बघायचे. ज्याचे बूट पातळ, तो आपला." आणि खरंच, सहा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

सातव्या वर्षी झाली.

शनिवार होता. मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर काका पाहुण्याला घेऊन आलेले. गोरापान, गोल माणूस, डोक्यात लाल कानटोपी, समोर भरली वांगी. काकू वाढत होत्या. तो 'नो, नो' म्हणाला की काका म्हणायचे, "लाजतोय. वाढ." तिसऱ्या वांग्याला मी सहज विचारलं, तुमचा सिनेमा कशावर आहे? तो म्हणाला, सिनेमा नाही, मी फ्लोरिडाहून मासे गोठवायची मशिनं विकायला आलोय. या गृहस्थांनी डोक्यात टोपी घातली, चला म्हणाले, मला वाटलं कंपनीनेच पाठवलेत.

तेवढ्यात फोन वाजला. महोत्सवाच्या जॅनेटबाई. फिनलंडचे वयस्कर दिग्दर्शक दोन तासांपासून विमानतळावर बसून होते. त्यांचे बूट घोट्याच्या वर, आत लोकर. फिनलंडचा माणूस पातळ बूट घालून कशाला येईल? बाई फारच चिडल्या होत्या. पुढच्या वर्षीपासून पाहुण्यांना आणायला हॉटेलची व्हॅन जाईल म्हणाल्या. तुम्ही त्रास घेऊ नका, मिस्टर गोडबोले.

मला वाटलं, काका आता भांडणार. ते एवढंच म्हणाले, "दोन तास? बाकावर?"

किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. "तू ड्राइव्ह कर."

दुपारचे साडेतीन, बाहेर अंधारायला लागलेलं. अर्ध्या वाटेवर ते बोलायला लागले. माझ्याकडे न बघता.

"मी इथे आलो ना, तेव्हा खात्याचा माणूस मला न्यायला यायचा होता. तो विसरला. चार तास बसलो, यार. पायांत कॅनव्हासचे बूट. लोक येत होते, मिठ्या मारत होते, निघून जात होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. रडू यायला लागलं होतं, खरं सांगतो. मग झाडू मारणारा एक म्हातारा आला. स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यात घातली आणि पुढे झाडायला गेला."

"मग?"

"मग काय. परत द्यायला गेलो, तर त्याने नोकरी सोडलेली. ती तपकिरी टोपी उसवून बघितली, कशी विणलीय ते. पुन्हा विणली. तिथून शिकलो."

फिनलंडचे गृहस्थ बाकावर ताठ बसले होते. डोक्यावर जाडजूड फरची टोपी. कानांना धोका नव्हताच. काका डिकीतून सगळ्यात तळाची, विटक्या तपकिरी रंगाची टोपी घेऊन आले होते. ती दोन्ही हातांत धरून समोर उभे राहिले. एरवी वाचाळ माणूस, 'सॉरी' म्हणताना त्यांचा आवाज फुटला.

त्या गृहस्थांनी काकांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग फरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती विटकी टोपी कानांवर ओढून घेतली.

घरी फ्लोरिडावाले अजून ताटावरच होते. दोन टोप्या शेजारीशेजारी बसून मेतकूट-भात जेवल्या. निघताना फिनलंडच्या गृहस्थांनी जॅनेटबाईंना फोनवर सांगितलं, मी परत आलो तर मला न्यायला हाच माणूस हवा. हॉटेलच्या व्हॅनचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

पुढच्या डिसेंबरला मीही काकांबरोबर गेलो. या वेळी त्यांनी पाटी आणली होती, ठळक अक्षरांत. विमानाला अजून तीन तास होते. इतक्या लवकर कशाला, असं मी विचारलं.

काका त्याच बाकाजवळ पाटी धरून उभे होते.

"लवकर आलं तर?" ते म्हणाले.