मंगफच्या यार्डातील बर्फगाडीची सुरक्षितता

सुरक्षितता नेहमी वरून खाली येते, आणि खालच्यांनी ती कृतज्ञतेने स्वीकारायची असते. आमच्या तेल कंपनीने १९६४ च्या उन्हाळ्यात कुवेतमधल्या मंगफच्या यार्डात बर्फगाडी पाठवली, तेव्हा सोबत ती सुरक्षितपणे चालवण्याचे नियमही पाठवले.

बर्फगाडी म्हणजे स्नोमोबाइल. पुढे वर वळलेल्या दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा, चाकं नाहीत. मुख्य कार्यालय बर्फाळ देशात होतं. तिकडच्या शाखांना मिळाली, तशी आम्हालाही मिळाली. (कंपनी भेदभाव करत नसे.)

नियम उत्तम होते. गोठलेल्या तळ्यावर दोन गाड्या जवळजवळ नेऊ नयेत. कान झाकावेत. बोटं बधिर झाल्यास वरिष्ठांस कळवावे. अशी एकही तक्रार आली नाही, यावरून मजुरांची शिस्त दिसते. कानटोप्या घालून सर्वांनी गाडीवर बसण्या-उतरण्याचा सराव केला. तापमान सावलीत अठ्ठेचाळीस होतं. यार्डात सावलीच नसल्याने तो आकडा कुणाला लागू नव्हता.

उस्मान हा मूळचा हर्णैचा खलाशी, आता पाइप उचलणारा. बिनचाकाचं वाहन पाहून त्याने ते होडीच मानलं. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तशी त्याने आणि त्याच्या गाववाल्या जाफरने गाडी ओढून टेकूंवर चढवली आणि वर खजुरीच्या झावळ्यांचा मांडव घातला. होडी शाकारली की खलाशी तिच्या आडोशाला निजणारच. दुपारच्या सुट्टीत सगळे तिथे आडवे झाले.

सुरक्षासाहेबांना मांडव फार आवडला. यंत्र उन्हापासून दूर ठेवावे, हा नियम आपोआप पाळला गेला होता. त्यांनी उस्मानची पाठ थोपटली, मांडवाभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: यंत्राव्यतिरिक्त कोणीही आत थांबू नये.

उस्मान माझ्याकडे आला. मी यार्डातला कारकून, म्हणजे पाटीचा अर्थ सांगणारा. उन्हाने त्याला दोनदा भोवळ आली होती. निदान दुपारचं जेवण तरी मांडवाखाली होऊ द्या, एवढंच त्याचं मागणं. मी नियम समजावला. तो शांतपणे म्हणाला, “मुन्शीसाहेब, हिला ऊन लागतं, मग आमाला काय चांदणं लागतं?”

प्रश्न वर पाठवला. उत्तर ऑगस्टात आलं: चांदण्याविषयी कोणताही नियम नाही.

पण उस्मान जुलैतच पाइप उचलताना कोसळला होता. जाफरने त्याला दोरीखालून मांडवात नेलं. तिथेच, बर्फगाडीशेजारी, तो गेला. भला माणूस होता. त्याने मांडव बांधला आणि आम्ही त्याला बाहेर ठेवलं, याची अजून चीड येते.

चौकशी समिती बसली. नियमांनुसार अपघात तीनच: गाडीवरून पडणे, गाडी धडकणे, बर्फाखाली बुडणे. उस्मान तिन्हींत बसेना. सबब त्या वर्षी अपघात शून्य. शाखेला सुरक्षिततेची ढाल मिळाली आणि जाफरला विनापरवाना आत शिरल्याबद्दल ताकीद.

आता तुम्ही चिडून विचाराल, की माणसांसाठी दुसरा मांडव का घातला नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या चौकशी समितीवर असा प्रश्न माणूस मेल्यानंतर विचारणाऱ्यांनाच घेतात. तुमचं नाव सुचवतो.