तामसीच्या जाधवांची एकच पत्रिका

विलासदादाच्या चहात साखर कमी पडली, तर तो वरून साखर घेत नाही. नवा चहा मागतो. "हाये त्याले हात नाई लावायचा. त्याच्यावरून नवं बनवायचं," म्हणतो. दोनदा चहा उकळणारी माझी बायको यावर काय म्हणते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दादा माझा चुलतभाऊ. हैदराबादच्या कंपनीचं प्रोग्रॅमिंग तामसीतच घरी बसून करतो. यंदा माझ्या पोरीचं लग्न ठरलं. पाहुण्यांची नावं मी वहीत लिहून काढली होती, पत्रिकांवर पत्ते टाकणं तेवढं बाकी होतं. तर यानं वहीच ओढून घेतली.

"काऊन डोकं फोडून राह्यला? दोन ओळींचं काम हाये."

दोन ओळी! त्यानं सगळी नावं 'सॉर्टेड सेट'मध्ये घातली, म्हणजे आपोआप क्रमानं लागणाऱ्या यादीत. मग प्रत्येक नावातलं आडनाव आणि गाव घेऊन 'जाधव परिवार, तामसी' असं रूप केलं. नवी यादी निघाली, तीही सेटच, क्रमानं लागलेली. काय देखणी दिसत होती, आग लागो तिला!

कारण त्या सेटमध्ये एकसारखी दोन नावं राहतच नाहीत. तामसीतल्या सगळ्या जाधवांचं मिळून एक नाव उरलं. त्यांची एकच पत्रिका निघाली आणि ती गेली थोरल्या काकांकडे.

हळदीला चार दिवस उरले तेव्हा सुमनकाकूचा फोन आला. पोरीला पहिली हळद तीच लावणार होती. "आमी मेलो का रे तुह्यासाठी? दुसरी काकू पाह्य आता!"

पोरगी रडायला लागली. मी दादाला वाट्टेल ते बोललो.

"सेटची आधी साधी लिस्ट कराले पाह्यजे होती, तिच्यात सारखी नावं राह्यतात," तो म्हणाला.

"मंग कराची होती ना बाप्पा!"

खुर्ची न सोडणारा हा माणूस भर उन्हात पत्रिका घेऊन दारोदार फिरला. सुमनकाकूसमोर कान धरले. काकू विरघळली, येते म्हणाली.

तो परतल्यावर मी विचारलं, "थोरले काका सोडून बाकीची सातही घरं झाली ना?"

"सहा. तुह्या वहीत सहाच होती."

"सातवं कोणाचं राह्यलं?"

"माहं."

मी वही उघडली. खरंच नव्हतं. माझ्याच अक्षरातल्या यादीत नव्हतं.

"जाऊ दे रे," दादा म्हणाला. "तुही वैनी गेल्यापासून सगळेच मले थोरल्या काकांच्या पत्रिकेत धरतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक पत्रिका घेतली, कुंकू लावलं, त्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि वाकून त्याच्या हातात दिली. त्यानं ती उभ्या उभ्या तीनदा वाचली.

"आठ वर्षं झाली," तो म्हणाला, "माह्या नावानं पत्रिका येऊन."