पाणी कमिटीचा चक्का

गिऱ्हाइकाला कारण सांगितलं की ते रागावत नाही, असा चिंतामणरावांचा ठाम सिद्धांत होता. फणसवाडीच्या तोंडाशी त्यांचं दुग्धमंदिर. वडिलांच्या काळापासून ‘संपलं’ एवढंच सांगून गिऱ्हाईक परत पाठवायची तिथे रीत होती. चिंतामणरावांनी ती मोडायची ठरवली आणि दुकानाबाहेर एक काळा फळा टांगला. ‘आज पियूष नाही. गवळी बहिणीच्या लग्नाला गेला आहे.’ लोक वाचत, हसत आणि न रागावता दूध घेऊन जात. “बघ, धंदा असा करतात,” ते बायकोला, दुर्गाबाईंना ऐकवत. दुर्गाबाई मान वर न करता दूध मापत राहत. चिंतामणरावांना ती संमती वाटे.

एका गोष्टीकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही. वाडीच्या तोंडाशी, पलीकडच्या बाजूला, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा फळा होता. गिरणीतून सुटून आला की वाडीतला दत्ताराम तो रोज लिहून काढी आणि सरकारची सालटी काढी. त्या दिवसांत नाक्यावर खडूने जे लिहिलेलं असेल ते कोणाच्या तरी विरुद्धच असणार, अशी लोकांची पक्की समजूत झाली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी वॉर्डाचे नगरपिते मनमोहनराव यांचा शिपाई दुकानात आला. नगरपित्यांच्या पाणी कमिटीची बैठक होती. कमिटी वाडीतल्या कोरड्या नळांवर विचार करायची, आणि विचार करताना तिला सरकारी खर्चाने काहीतरी गोड लागायचं. आठवड्याला बैठक म्हणजे दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. चिंतामणरावांनी दुकानातला सगळा चक्का देऊन टाकला. थोड्या वेळाने शिपाई पुन्हा आला, तेव्हा वाडीच्या सणासाठी आत झाकून ठेवलेलाही दिला. मग हात झटकून त्यांनी फळा लिहिला:

‘चक्का संपला. सर्व चक्का पाणी कमिटीच्या बैठकीस गेला. पाण्याचा प्रश्न बिकट असल्याने दोनदा पाठवावा लागला. गिऱ्हाइकांनी समजून घ्यावे.’

गिऱ्हाइकांनी समजून घेतलं. संध्याकाळी पाडव्याचा चक्का न्यायला आलेल्या बायका रिकामी भांडी घेऊन फळ्यासमोर थांबल्या, आणि बघता बघता वाडीचं तोंड गर्दीने बंद झालं. वाडीतल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक सुभद्राकाकू. त्यांनी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या नळाला थेंब नाही आणि ह्यांना आमच्या पैशाने दोनदा श्रीखंड, असं त्यांनी स्वतःचंही त्यात घातलं. दत्ताराम धावत आला. मजकूर आपल्या फळ्यावर उतरवून घेऊन त्याने चिंतामणरावांचा हात दाबला.

“चिंतामणशेट, आमका इतक्या दिवसांत जमला नाय, तां तुम्ही एका फळ्यात केलात!”

चिंतामणरावांनी घाईने हात सोडवून घेतला. त्यांना कोणाची सालटी काढायची नव्हती, त्यांना चक्का विकायचा होता. गैरसमज दूर करावा म्हणून त्यांनी लगेच खाली जोड दिली: ‘खुलासा: नगरपितेसाहेबांनी एकट्याने खाल्ला हे खोटे आहे. साहेबांनी बैठकीत चाखलासुद्धा नाही. त्यांचा डबा परस्पर घरी पोचला.’

गर्दी दुप्पट झाली.

पाडव्याच्या सकाळी मनमोहनराव स्वतः आले. जुन्या घराण्यातला माणूस, आवाज चढवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“चिंतामणराव, तुमच्याकडून कमिटीला कधी काही आलंच नाही, एवढं फक्त लिहून टाका. मग मिटलं सगळं.”

चिंतामणरावांच्या डोळ्यांपुढे दर आठवड्याची बैठक उभी राहिली. त्यांनी फळा पुसला आणि सांगितलं तसं लिहिलं. खडू खाली ठेवतात तोच सुभद्राकाकू पुढे आल्या.

“मग आमचा चक्का गेला कुठे?”

खरं सांगावं तर मनमोहनराव समोर उभे. चिंतामणराव नुसतेच धोतराचा सोगा चाचपत राहिले.

“कारण तुमच्याकडे कोणी मागितलं होतं?” काकू म्हणाल्या. “सासूबाईंच्या वेळेपासून पाडव्याला तुमच्याच दुकानात येते मी. एक वाडगं माझ्यासाठी बाजूला ठेवायचंत.”

हे मात्र चिंतामणरावांना लागलं. मान वर करवेना. दुपारपर्यंत चिंतामणने चक्का चढ्या भावाने काळबादेवीला विकला, असं वाडीभर झालं आणि वाडीचं दूध समोरच्या रस्त्यावरच्या दुकानातून यायला लागलं. आठवडा उलटला तरी शिपाई येईना, तेव्हा चिंतामणराव मनमोहनरावांच्या घरी गेले. मनमोहनरावांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि फार वाईट वाटून सांगितलं, की जे तुमच्याकडून कधी आलंच नाही, ते आता यायला लागलं तर लोक विचारतील.

दुसऱ्या दिवशी चिंतामणरावांनी पहाटेच उठून उत्तम चक्का बांधला. सुभद्राकाकूंचं वाडगं आधी बाजूला काढलं. मग कारण नाही, खुलासा नाही, फळ्यावर फक्त दोन शब्द लिहिले: ‘चक्का आहे.’

थोड्याच वेळात फळ्यासमोर ही गर्दी! चिंतामणराव हरखून पुढे झाले. सुभद्राकाकूंनी मजकूर दोनदा वाचला, मागे वळल्या आणि दत्तारामाला हलक्या आवाजात विचारलं, “हा आता कोणाला टोमणा रे?”

दत्ताराम वही काढून उतरवून घेत होता. भांडं मात्र कोणीच आणलं नव्हतं.