दानिशभाईंचा सुवर्णकाळ

खेळाडूची खरी कारकीर्द गुडघा गेल्यावर सुरू होते. गुडघा शाबूत असेपर्यंत बिचाऱ्याला खेळावं लागतं. सत्काराला सवड कुठून मिळणार?

डेन्मार्कच्या येन्स क्रोगचा उजवा गुडघा ऐन पस्तिशीत गेला. तोवर तो बॅडमिंटनवरच पोट भरत होता. देशोदेशीच्या नामांकित स्पर्धांत तो पहिल्याच फेरीत हरे (कधीमधी दुसऱ्या), आणि गावी परतल्यावर सायकलवरून भाजी आणायला जाताना त्याला कुत्रंही ओळखत नसे. अशा मागासलेल्या देशातून तो नगरजवळच्या केडगावच्या नव्या क्रीडा संकुलात प्रशिक्षक म्हणून आला आणि त्याचं नशीब उघडलं.

संकुलाचे अध्यक्ष सूर्यभानआप्पा. त्यांनी स्वागताचा फ्लेक्स लावला, त्यावर ‘डॅनिश खेळाडू’ऐवजी ‘दानिश खेळाडू’ छापून आलं. नवा फ्लेक्स छापण्यापेक्षा माणसाचं नाव बदलणं सोपं होतं. (नाव बदलण्याची नगरला आता सवय आहे.) येन्सचा दानिशभाई झाला.

दानिशभाईंनी फेटा बांधून एका पतसंस्थेच्या शाखेची फीत कापली, दहावीच्या गुणवंतांना प्रमाणपत्रं वाटली, ओळखपाळख नसलेल्या दोन लग्नांत आशीर्वाद दिले. शिकवणं तेवढं राहून गेलं. त्यालाही कारण होतं. लाकडी कोर्टावर ओरखडे पडू नयेत म्हणून सतरंजी अंथरलेली असे. नुसती सतरंजी बरी दिसत नाही म्हणून तिच्यावर खुर्च्या. आणि खुर्च्या रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून रोज कुणाचा ना कुणाचा सत्कार.

येन्सला आधी अवघडल्यासारखं झालं. मग गोडी लागली. पुढे पुढे तो फेट्याचा तुरा आरशात बघूनच बाहेर पडू लागला.

एके दिवशी टेम्पोच्या बॉड्या बांधणारे पीरमहंमद फ्लेक्सवरचं नाव वाचून आले. सोबत नववीतली अफ्रीन, खांद्याला रॅकेट. “दानिशभाई कुठायत?” त्यांनी विचारलं. आप्पांनी त्या निळ्या डोळ्यांच्या, पिवळ्या केसांच्या माणसाकडे बोट दाखवलं. पीरमहंमदांनी एकदा फ्लेक्सवरचं नाव बघितलं, एकदा माणूस.

“असू द्या,” ते म्हणाले. “पोरीला शिकवाल का? आमच्या शेडमध्ये खेळून भिंतीलाबी हरवलंय तिनं.”

उद्या बघू, असं ठरलं. पोरगी रोज यायची. तिला पहिल्या रांगेत बसवलं जाई, कारण तेवढीच एक खुर्ची भरे.

एका निवृत्त अधिकाऱ्याच्या सत्कारात येन्स शाल घेऊन उभा असताना ती उठली आणि शाळेतल्या इंग्रजीत तिनं हळूच विचारलं, “सर, तुम्ही खेळायचं विसरलात का?”

येन्सनं खरंच आठवून पाहिलं. “बहुतेक,” तो म्हणाला.

मग त्यानं शाल अधिकाऱ्याच्या हातात दिली, फेटा उतरवला आणि खुर्च्या उचलायला लागला. सतरंजी गुंडाळली गेली.

“दानिशराव, कार्यक्रम अर्धा ऱ्हायलाय,” आप्पा शांतपणे म्हणाले.

तोवर दोघं रॅकेट घेऊन जाळ्याच्या दोन बाजूंना उभी राहिली होती, आणि अफ्रीननं त्याचा गुडघा तेवढ्यात हेरला होता. ती शटल मुद्दाम उजवीकडे जाळ्यापाशी टाकत राहिली आणि तो लंगडत, धापा टाकत हरला. हरण्याचा आयुष्यभराचा अनुभव गाठीशी असूनही इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून सतरंजी अंथरायच्या आत, भल्या पहाटे, दोघं खेळू लागली. ही गोष्ट समितीच्या कानावर गेली. प्रशिक्षक संस्थेच्या वेळेआधी येऊन बॅडमिंटन खेळतो, कामात लक्ष नाही, असा एकमतानं ठराव झाला आणि त्याला मुदतवाढ मिळाली नाही.

येन्सच्या जाण्याच्या आदल्या दिवशी अफ्रीनचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. संकुल मोकळं नसल्यानं तो नगरमधल्या एका शाळेच्या जुन्या हॉलमध्ये झाला. पहिला गेम ती हरली. दुसऱ्यात तिची टाच सोलली, तिनं बूट-मोजे काढून फेकले आणि उरलेले दोन्ही गेम अनवाणी जिंकले. टाळ्या वाजवायला पीरमहंमद, त्यांची बायको हमिदा आणि लंगडा येन्स. येन्स रडत होता. त्या रडण्याचं आपलं आपणच भाषांतर झालं.

त्याच वेळी केडगावच्या संकुलात ‘क्रीडाप्रेमी नागरिक’ पुरस्कारांचा सोहळा चालू होता. तिथं पाय ठेवायला जागा नव्हती म्हणतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली, तोंडात पेढा. तुम्हीच ना ते?